चार हिवाळे खिडकीत ठेवलेली पितळी हनुक्किया

या परीक्षणाचा विषय एक पितळी हनुक्किया आहे. हनुक्किया म्हणजे यहुद्यांच्या हनुक्का सणाच्या आठ रात्री घरात लावायचे नऊ दिव्यांचे दीपदान. त्यातले आठ दिवे आठ रात्रींचे, आणि नववा ‘शमाश’, म्हणजे बाकीचे दिवे पेटवणारा सेवक दिवा. ही हनुक्किया आम्ही २०२२ मध्ये एका लहान कारखान्यातून मागवली आणि गेल्या डिसेंबरात ती चौथ्या वर्षी लावली गेली. कोणी विचारले तर घ्या असेच मी सांगेन. मात्र तिच्यात दोन उणिवा आहेत, आणि या वस्तूने जिथे चोख असायला हवे नेमक्या तिथेच त्या आहेत, म्हणून त्यांबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमच्या रस्त्यावर यहुदी घर आमचे एकटेच आहे. डिसेंबर लागला की आजूबाजूच्या घरांवर नाताळची रोषणाई होते, दुकानांतून त्याच सणाची गाणी वाजतात, मुलांच्या शाळेतला कार्यक्रम त्याचाच असतो आणि सुट्टीही त्यालाच धरून मिळते. यात कोणाचा दुजाभाव नसतो. बहुसंख्यांचा सण असाच सगळीकडे पसरलेला असतो, आणि शेजारी आम्हाला मनापासून शुभेच्छा देतात. पण अशा महिन्यात आपल्याही घरात आपला सण आहे हे मुलांना डोळ्यांनी दिसावे लागते. हनुक्का हा आमच्या पंचांगातला मोठा सण नाही. त्या दिवसांत कामधंदा बंद ठेवावा लागत नाही, पेसाह म्हणजे वल्हांडण सणासारखी घराची झाडाझडती नसते, योम किप्पूरसारखा उपवास नसतो. इ. स. पूर्व १६४ च्या सुमारास मक्काबी या यहुदी बंडखोरांनी राजा चौथा अँटायोकस याच्या सैन्याकडून जेरुसलेमचे मंदिर परत मिळवले आणि ते पुन्हा पवित्र केले. त्या वेळी एका दिवसापुरते सापडलेले शुद्ध तेल आठ दिवस जळले, असे तालमुद, म्हणजे यहुदी धर्मनियमांवरील प्राचीन ग्रंथ, सांगते. त्याची आठवण म्हणून किस्लेव महिन्याच्या २५ तारखेपासून आठ रात्री दिवे लावायचे, हाच या सणाचा मुख्य विधी. त्यामुळे घरातला सण जो काही दिसतो तो या एका दीपदानातून दिसतो, आणि ते निवडताना आम्ही आधी दोनदा चुकलो होतो.

पहिली चूक एका मोठ्या दुकानाच्या सणासुदीच्या विभागात झाली. खोक्यावर हनुक्काचे नाव होते, निळ्या-रुपेरी कागदात बांधलेले होते, आणि घरी आणून उघडल्यावर त्यात सातच दिव्यांची जागा निघाली. सात शाखांचा मेनोरा हे जेरुसलेमच्या मंदिरातल्या दीपाचे रूप आहे. हनुक्काला त्याचा काही उपयोग नाही, कारण आठव्या रात्री आठ दिवे आणि शमाश मिळून नऊ ज्योती लागतात. दुकानाने पैसे परत केले, परंतु आमच्या सणाविषयी कोणालाच काही विचारावेसे वाटले नव्हते, ही गोष्ट मला लागली. दुसरी हनुक्किया दिसायला फार सुंदर होती, पण तिच्या शाखा लाटेसारख्या वरखाली होत्या. आठही दिवे एका ओळीत आणि एका उंचीवर असावेत आणि शमाश तेवढा वेगळा उठून दिसावा, असा संकेत आहे, कारण कितवी रात्र आहे हे पाहणाऱ्याला मोजता आले पाहिजे. त्या लाटेत शमाश कोणता आणि दिवे किती, हे आम्हालाच दोनदा पाहावे लागे.

आताची हनुक्किया या बाबतीत निर्दोष आहे. ती साधारण हातभर लांब आहे, तळ रुंद आणि जड आहे, आणि आठ खोबणी अगदी सरळ रेषेत, एकाच पातळीवर बसवलेल्या आहेत. शमाश मध्यभागी चार बोटे उंच आहे. प्रत्येक खोबणीत काचेचा छोटा पेला बसतो, आणि पेला काढून त्या जागी पितळी टोपी बसवली की मेणबत्ती उभी करता येते. तेल आणि मेणबत्ती दोन्हींची सोय असल्यामुळेच आम्ही ही निवडली, आणि चार वर्षांत या सोयीचे महत्त्व मला सर्वांत अधिक पटले आहे.

ज्यांना हा विधी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दिवे अंधार पडल्यावर किमान अर्धा तास जळले पाहिजेत. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असे वाढवत जायचे. पूर्वी शम्माई आणि हिल्लेल या दोन यहुदी धर्मपंडितांपैकी शम्माईच्या अनुयायांचे मत आठपासून उतरत जावे असे होते आणि हिल्लेलच्या अनुयायांचे वाढवत जावे असे. आपण हिल्लेलचे मत पाळतो. दिवे उजवीकडून डावीकडे मांडायचे, पण पेटवताना त्या रात्री नव्याने आलेला सर्वांत डावा दिवा आधी पेटवायचा. आठ रात्रींचे ३६ दिवे आणि आठ शमाश मिळून ४४ मेणबत्त्या लागतात, आणि हनुक्काच्या मेणबत्त्यांचे खोके ४४ चेच मिळते. या बारीक, रंगीत मेणबत्त्या मुलांना प्रिय आहेत. माझ्या लेकीला रोजची रंगसंगती स्वतः ठरवायची असते आणि ती त्यासाठी दुपारपासून खोके मांडून बसते. परंतु त्या जेमतेम अर्धा तास टिकतात, आणि आमच्या खिडकीच्या चौकटीला फट आहे, तिथल्या वाऱ्याने त्या एका बाजूने भराभर वितळतात. मी घड्याळ लावून पाहिले तेव्हा टोकाची मेणबत्ती २४ मिनिटांत संपली होती.

रविवारी किंवा मंगळवारी ही उणीव जाड मेणबत्ती लावून भरून काढता येते, पण खरी कसोटी शुक्रवारी असते. शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतिदिनाचे, दिवे सूर्यास्तापूर्वी, प्रथेप्रमाणे साधारण १८ मिनिटे आधी लावतात, आणि एकदा शब्बाथ सुरू झाला की अग्नी पेटवता येत नाही. म्हणून शुक्रवारी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या दिव्यांच्याही आधी लावावे लागतात, आणि तरीही ते अंधार पडल्यानंतर अर्धा तास जळत राहावे लागतात. हिशेब केला तर जवळजवळ दीड तासाची बेगमी हवी. आठ रात्रींत शुक्रवार येतोच येतो, त्यामुळे ज्या हनुक्कियेत तेल घालता येत नाही किंवा लांब मेणबत्ती बसत नाही ती एका रात्रीपुरती तरी निकामी ठरते. गेल्या वर्षी हनुक्का १४ डिसेंबरच्या संध्याकाळी, रविवारी लागला आणि १९ तारखेचा शुक्रवार ही सहावी रात्र होती. आम्ही पेल्यांत ऑलिव्ह तेल घातले, आणि आम्ही जेवायला बसलो, उठलो, मुले पांघरुणात शिरली, तरी सहाही ज्योती स्थिर होत्या.

पेल्यांची रचना विचारपूर्वक केलेली आहे. तळाशी थोडे पाणी घालायचे, त्यावर तेल घालायचे आणि बुचाच्या चकतीतली तरंगती वात वर सोडायची. तेल संपले की वात पाण्याला टेकते आणि आपोआप विझते, त्यामुळे वात कोरडी जळून पेला तडकण्याची भीती कमी होते. अर्धा पेला तेल दोन तासांहून अधिक पुरते. जळत्या ज्योती सोडून घराबाहेर जाता येत नाही, म्हणून इतर रात्री आम्ही तेल कमी घालतो. वात मात्र आखूड ठेवावी. ती लांब राहिली की काजळी धरते, आणि पहिल्या वर्षी खिडकीच्या काचेवर वरपर्यंत उठलेला काळा पट्टा पुसायला मला संपूर्ण सकाळ लागली. तेलाचे दिवे लावायचे असतील तर एक गोष्ट या हनुक्कियेबरोबरच्या कागदात लिहिलेली नाही, ती मी सांगते. तेलाने भरलेला शमाशाचा पेला उचलून त्याने दुसरे दिवे पेटवता येत नाहीत. शमाशाच्या जागी टोपी बसवून मेणबत्तीच लावावी, म्हणजे ती हातात घेता येते आणि काम झाले की आपल्या उंच जागी परत ठेवता येते.

आता पहिली उणीव. या दिव्यांचा हेतूच मुळी चमत्काराची वार्ता लोकांपर्यंत पोहोचवण्याचा आहे. तालमुदात म्हटले आहे की दिवा घराच्या दाराबाहेर ठेवावा, आणि जो वरच्या मजल्यावर राहतो त्याने रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. पहिल्या वर्षी तिसऱ्या रात्री माझी मुलगी कोट चढवून खाली गेली आणि रस्त्यावरून आमची खिडकी पाहून धावत वर आली. “आई, शमाश दिसतोय, पण बाकीचे तीन दिसतच नाहीत, नुसता उजेड दिसतोय,” असे तिने सांगितले. मी स्वतः जाऊन पाहिले तर तिचे म्हणणे खरे होते. हनुक्कियेच्या पुढच्या बाजूला कोरीव पितळी कठडा आहे. समोरून पाहताना तो शोभून दिसतो, पण खालून पाहणाऱ्याच्या नजरेत पेल्यातल्या ज्योती त्याच्या आड जातात. मेणबत्त्यांची ज्योत उंच असल्यामुळे ती दिसते. तेलाची दिसत नाही. म्हणजे जे तेल अधिक चांगले मानले जाते आणि शुक्रवारी अत्यावश्यक असते, त्याच तेलाचे दिवे रस्त्यावरून मोजता येत नाहीत. आम्ही एक लाकडी पेटी खाली ठेवून हनुक्किया काचेच्या अगदी जवळ सरकवली तेव्हा काम भागले. पण कारागिराने हा कठडा दोन बोटे बुटका केला असता तर पेटीची गरज पडली नसती. दिवा जमिनीपासून फार उंच नसावा, वीस हातांवर ठेवलेला तर चालतच नाही, असेही नियम आहेत. उंच इमारतीत राहणाऱ्यांना हा प्रश्न आमच्याहून अधिक जाणवेल. त्यांनी कठडा नसलेला नमुनाच घ्यावा.

दिवा कोणाला दिसतो हा प्रश्न आमच्यासाठी केवळ नियमाचा राहिला नाही. आमच्या समोरच्या घरात एक वयस्कर ख्रिस्ती बाई एकट्या राहतात आणि त्यांच्या खिडकीत दरवर्षी नाताळचे झाड असते. २०२२ मध्ये हनुक्काची आठवी रात्र नेमकी २५ डिसेंबरला आली. आमच्या खिडकीत पूर्ण नऊ ज्योती आणि त्यांच्या खिडकीत झाड, असे एका अरुंद रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर होते, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याशी भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “काल तुमच्याकडचे दिवे मी शेवटपर्यंत पाहिले.” पुढच्या वर्षी २४ डिसेंबरला त्यांनी दारावर येऊन विचारले, “या वर्षी तुम्ही दिवे लावणार नाही का?” मी त्यांना सांगितले की आमचे महिने चंद्रावर चालतात, १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना धरतात, आणि म्हणून आमचा सण नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरअखेरीपर्यंत मागेपुढे होतो, त्या वर्षी तो ७ डिसेंबरला लागून केव्हाच संपला होता. हे सगळे खरे होते, पण ते अर्धेच उत्तर होते.

उरलेले अर्धे उत्तर असे की २०२३ च्या हनुक्कात आमची हनुक्किया आठही रात्री खिडकीपासून दूर, जेवणाच्या टेबलावर होती. यहुद्यांविरुद्धचा द्वेष वाढल्यामुळे त्या हिवाळ्यात अनेक देशांतल्या यहुदी घरांमध्ये दिवे खिडकीत ठेवावेत की नाही यावर बोलणे झाले, तसे आमच्याकडेही झाले. नवऱ्याचे मत खिडकीतच ठेवावे असे होते आणि माझे मत मुलांची खोली त्याच बाजूला आहे असे होते. तालमुदातल्या त्याच परिच्छेदात पुढे म्हटले आहे की संकटाच्या काळी दिवा टेबलावर ठेवावा, तेवढे पुरे. ते वाक्य मी शाळकरी वयात पाठ केले होते, आणि आपल्यावर ते पाळायची वेळ येईल असे मला कधी वाटले नव्हते. या वस्तूबद्दल लिहायचे तर तिचा जड आणि रुंद तळ त्या वर्षी उपयोगी पडला. टेबलाला मुलांचा धक्का लागूनही ती हलली नाही आणि तेल सांडले नाही. पण कोरीव काम असलेली बाजू आम्ही भिंतीकडे केली की आमच्याकडे, यावरही त्या रात्री घरात थोडे मौन पसरले होते, हे मला आठवते.

जर्मनीतल्या कील शहरातले एक छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. १९३१ च्या हनुक्कात तिथले रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, अकिबा पोस्नर यांच्या पत्नी राखेल यांनी आपल्या घराच्या खिडकीतली हनुक्किया टिपली, आणि तिच्यामागे, रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नाझींचा स्वस्तिकाचा ध्वज दिसतो. ते कुटुंब १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेले. ती हनुक्किया आता जेरुसलेममध्ये याद वाशेम या स्मारक-संग्रहालयात असते आणि हनुक्कासाठी कुटुंबाकडे जाते. डिसेंबर २०२२ मध्ये ती जर्मनीत नेऊन बर्लिनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत पुन्हा पेटवली गेली. आमची परिस्थिती त्या कुटुंबासारखी मुळीच नाही आणि ती तुलना मी करत नाही. मी एवढेच म्हणते की खिडकीत बसेल, काचेजवळ उभी राहील आणि बाहेरून मोजता येईल अशी हनुक्किया बनवणे हे कारागिराचे पहिले काम आहे. नक्षी त्यानंतर येते.

२०२४ मध्ये पहिलीच रात्र २५ डिसेंबरला आली आणि आम्ही ती पुन्हा खिडकीत ठेवली. शमाश आणि एक ज्योत, एवढेच. समोरच्या बाईंनी आपला पडदा पूर्ण बाजूला सारून ठेवला होता.

दुसरी उणीव शेवटच्या रात्रींना जाणवते. दोन खोबणींमधले अंतर जेमतेम दोन बोटे आहे. चार-पाच दिव्यांपर्यंत काही बिघडत नाही, पण सातव्या-आठव्या रात्री मेणबत्त्या एकमेकींच्या उष्णतेने मऊ होऊन मधोमध झुकतात. गेल्या वर्षी आठव्या रात्री चौथी आणि पाचवी मेणबत्ती एकमेकींना टेकून त्यांची एकच मोठी ज्योत झाली. हे धोक्याचे आहेच, शिवाय विधीलाही धरून नाही, कारण प्रत्येक दिव्याची ज्योत स्वतंत्र दिसली पाहिजे. आम्ही आता शेवटच्या तीन रात्री तेलच वापरतो. ज्यांना आठही रात्री मेणबत्त्या लावायच्या आहेत त्यांनी ही हनुक्किया घेऊ नये, किंवा घेण्यापूर्वी कारखान्याकडे रुंद नमुना मिळतो का ते विचारावे.

देखभालीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मेण खरवडून काढू नये. टोप्या गरम पाण्यात ठेवल्या की ते सुटते, पण ते पाणी मोरीत ओतू नये, नळी तुंबते. पितळेवर संरक्षक लेप नाही, त्यामुळे वर्षभरात ते काळवंडते आणि दरवर्षी घासावे लागते. मला स्वतःला हे काम आवडते. चार वर्षांत दोन पेले फुटले, आणि त्या मापाचे पेले दुसरीकडे मिळत नसल्यामुळे कारखान्यातूनच मागवावे लागले. ते यायला पाच आठवडे लागले, हे मात्र लक्षात ठेवावे.

सासूबाई वृद्धाश्रमात राहतात आणि तिथे उघडी ज्योत लावण्यास मनाई आहे, म्हणून त्यांच्या खोलीत आम्ही विजेवर चालणारी हनुक्किया ठेवली आहे. बहुतेक रब्बींच्या मते विजेच्या दिव्यावर बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणत नाहीत, त्यामुळे आम्ही आमच्या घरचे दिवे लावताना त्यांना फोनवर घेतो आणि त्या तिकडून ‘आमेन’ म्हणतात. विजेची ती हनुक्किया वाईट नाही, पण ती लगेच पूर्ण उजळते आणि बटण दाबले की बंद होते. जळत जाण्याचा वेळ तिच्यात नाही.

तो वेळच मला या पितळी हनुक्कियेने दिला असे म्हणावे लागेल. दिवे लावल्यावर जी प्रार्थना म्हणतात तिच्यात असे आहे की या दिव्यांचा वापर करण्याची आम्हाला मुभा नाही, त्यांच्याकडे फक्त पाहायचे आहे. त्यांच्या उजेडात वाचायचे नाही, काही शोधायचे नाही. त्यासाठीच शमाश वेगळा असतो. दिवे जळत असताना स्त्रियांनी काम करू नये अशी जुनी रीत आहे आणि मी ती पाळते. बाहेर महिनाभर जी घाई चाललेली असते, भेटवस्तू, याद्या, निमंत्रणे, ती आमच्याही घरात शिरते, कारण मुलांच्या वर्गात तेच बोलले जाते. हनुक्काला नाताळच्या तोडीस तोड बनवण्याचा मोह आम्हालाही झाला होता, एका वर्षी आम्ही आठ रात्रींच्या आठ भेटी दिल्या होत्या, आणि चौथ्या रात्रीपर्यंत मुलांचे लक्ष दिव्यांवरून पूर्ण उडाले होते. आता एकच भेट असते, पहिल्या रात्री. बाकीच्या रात्री ड्रेडल नावाचा भोवरा फिरवायचा, तळलेले काहीतरी खायचे आणि वात संपेपर्यंत तिथे बसायचे. तेलाच्या ज्योती एकदम विझत नाहीत. आधी लहान होतात, निळसर होतात, पाण्याला टेकल्यावर चर्र असा बारीक आवाज येतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि तो आवाज ऐकण्यासाठी तो शेवटच्या दिव्यापर्यंत खिडकीशी थांबतो.

२०२६ मध्ये हनुक्काची पहिलीच रात्र शुक्रवारी, ४ डिसेंबरला येते. ज्यांना ही हनुक्किया किंवा तेलाचे पेले मागवायचे असतील त्यांनी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मागवावेत, कारण या खेपेला पहिल्याच दिव्याला दीड तासाचे तेल लागणार आहे. मी दोन जादा पेले आणि वातींचे एक पाकीट आत्ताच सांगून ठेवले आहे, आणि कठडा बुटका करून मिळेल का, असेही कारखान्याला कळवले आहे.